मंत्रचळातला विचार कसा ओळखावा

मंत्रचळ, म्हणजेच ओसीडी (नकोसे विचार पुन्हापुन्हा येणे आणि ती बेचैनी शमवण्यासाठी तीच कृती वारंवार करणे, हा मानसिक आजार), म्हटले की सतत हात धुणारा माणूस डोळ्यांसमोर येतो; परंतु धुणे ही कृती झाली आणि तिच्यामागचा विचार दरवेळी अस्वच्छतेचाच असतो असे नाही. त्यामुळे ‘हे केले नाही तर काय होईल, अशी मला भीती वाटते?’ असे स्वतःला विचारून कृतीकडून विचाराकडे जावे.

समजा, कोल्हापुरात मंगळवार पेठेतून निघालेला कोणी रंकाळा तलावापर्यंत जाऊन गॅस बंद केल्याची खात्री करण्यासाठी माघारी येतो, शेगडीचे बटण चाचपतो, मोबाइलवर त्याचा फोटो काढतो आणि जिना उतरताना तो फोटो कालचा तर नसेल ना, या शंकेने पुन्हा थबकतो. हा संशयाचा प्रकार होय. साधी काळजी एकदा पाहिल्यावर मिटते. इथे मात्र वारंवार तपासल्याने स्वतःच्या आठवणीवरचा विश्वासच उडत जातो.

संसर्गाची भीती आणि वस्तू नेमक्या रेषेत असाव्यात हा हट्ट घरच्यांना लवकर दिसतो. न दिसणारे प्रकार अधिक छळतात: अंबाबाईपुढे हात जोडलेले असताना मनात शिवी उमटते, तान्ह्या बाळाला उचलताना आपल्या हातून त्याला इजा झाल्याचे चित्र दिसते, किंवा किळस वाटावी असे लैंगिक विचार येतात. ते स्वतःला पटणाऱ्या मूल्यांविरुद्ध असतात म्हणूनच चटका लावतात. तशी इच्छा असल्याचा तो पुरावा नव्हे. निरोगी माणसांनाही याच आशयाचे विचार येतात, हे राचमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच दाखवून दिले होते. अशा वेळी मनातल्या मनात क्षमा मागणे किंवा ‘मी असे करणार नाही ना?’ असे बायकोला पुन्हापुन्हा विचारणे, हीसुद्धा कृतीच असते.

आठवडाभर वहीत विचार, भीती आणि त्यानंतरची कृती असे तीन रकाने भरावेत. अशा विचारांत आणि कृतींत दिवसाचा तासाहून अधिक वेळ जात असेल किंवा कामे अडत असतील, तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातील अथवा अन्य मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे; टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावरही मराठीत बोलता येते. विचार तोंडाने सांगवत नसेल, तर ते पान त्यांच्यापुढे उघडून ठेवावे. अक्षर बिघडले म्हणून पान फाडून पुन्हा लिहावेसे वाटले, तर ते न फाडता तीही नोंद खाली करावी.