बुरशीच्या संसर्गाची रक्ततपासणी : या चुका टाळा

बुरशीचा कोणताही संसर्ग एकाच रक्ततपासणीत कळतो, हा समज सर्वांत घातक आहे. 2021 मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत मराठवाड्याने काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस, जवळून पाहिला. तरीही आज मधुमेहाच्या रुग्णाचा गाल सुजला की अनेक जण आधी लॅब गाठतात. बीटा-डी-ग्लुकान आणि गॅलॅक्टोमॅनन या तपासण्या बुरशीच्या पेशीभित्तिकेतील ज्या घटकांचा शोध घेतात, ते म्युकरच्या बुरशीत जवळजवळ नसल्याने हे दोन्ही रिपोर्ट आजार असतानाही बहुधा निगेटिव्ह येतात. साखर वाढलेली असताना एका बाजूचा गाल बधिर झाला, नाकातून काळसर स्राव आला किंवा डोळा सुजला, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय किंवा अंबाजोगाई, लातूर, नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांपैकी जे जवळ असेल ते गाठावे, कारण खात्रीचे निदान नाकात दुर्बीण घालून काढलेल्या तुकड्याच्या तपासणीतूनच होते.

गजकर्णासाठी रक्त देण्याची गरज नसते. त्वचा खरवडून घेतलेला नमुना पुरतो.

रक्तात कॅन्डिडा ही बुरशी असल्याची शंका असेल, तर बुरशीविरोधी औषध सुरू होण्यापूर्वी कल्चरसाठी, म्हणजे रक्तातील बुरशी लॅबमध्ये वाढवून पाहण्यासाठी, रक्त घेतले जावे. प्रौढांसाठी एका बाटलीत साधारण 8 ते 10 मिलिलिटर रक्त लागते. कमी रक्त घेतल्यास बुरशी हुकते. उन्हाळा आहे म्हणून या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवणेही चूकच; त्या विनाविलंब लॅबमध्ये पोहोचवाव्यात. एवढे करूनही खोलवरच्या कॅन्डिडा संसर्गात सुमारे निम्म्या रुग्णांचेच कल्चर पॉझिटिव्ह येते, त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्ट पाहून स्वतःहून औषध थांबवू नये.

पॉझिटिव्ह रिपोर्टही फसवू शकतो. काही प्रकारचे डायलिसिस, अल्ब्युमिन किंवा इम्युनोग्लोब्युलिनची सलाइन, शस्त्रक्रियेतील गॉज यांमुळे बीटा-डी-ग्लुकान खोटेच वाढते. हे उपचार झाले असतील, तर नमुना देतानाच सांगावे.

क्षयाचा कोर्स पूर्ण झाल्यावर खोकला आणि थुंकीतून रक्त पुन्हा सुरू झाले, पण थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नसले, तर क्षयाची औषधे परत सुरू करण्याआधी छातीच्या सीटी स्कॅनसोबत अ‍ॅस्परजिलस आयजीजी (अ‍ॅस्परजिलस या बुरशीविरुद्धची प्रतिपिंडे मोजणारी) या रक्ततपासणीविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे. जुन्या क्षयाने फुफ्फुसात राहिलेल्या पोकळीत ही बुरशी वाढते आणि तिचे उपचार पूर्णपणे वेगळे असतात.