टँकरच्या गावात जलोपचार

निसर्गोपचाराचं कुठलंही पुस्तक उघडा, 'टबात थंड पाणी भरावे' हे वाक्य सुरुवातीलाच भेटतं. आमच्या औसा तालुक्यात एप्रिल लागला की हे वाक्य बायकांना मोठ्यानं वाचून दाखवायची सोय नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन नंबर लावलेल्या बायका या. शिवाय थंड पाणी म्हणजे कुठलं? गच्चीवरच्या काळ्या टाकीतून मे महिन्यात दुपारी नळाला जे येतं, त्यात साखर-पत्ती टाकली की चहा होईल.

तरी अंगणवाडीची नोकरी संपल्यापासून मी शेजारपाजारच्यांना हे उपचार शिकवते. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी उरुळी कांचनच्या आश्रमात राहायला गेले होते, तिथं शिकले. मी डॉक्टर नाही. घरच्या घरी, धोका न पत्करता करता येईल तेवढंच सांगते, आणि कमी पाण्यात होणारं आधी सांगते.

पाणी किती, यापेक्षा गार किती

या पद्धतीची सुरुवात एका शेतकऱ्यानं केली, हे मला फार आवडतं. व्हिन्सेंझ प्रिसनिट्झ, जन्म १७९९, गाव ग्रेफेनबर्ग. तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यातलं, आज चेक प्रजासत्ताकात. तरुणपणी अंगावरून गाडी गेली, बरगड्या मोडल्या. त्यानं छातीला ओल्या पट्ट्या बांधून स्वतःला उभं केलं. पुढं त्या डोंगरातल्या खेड्यात युरोपभरातून लोक उपचाराला येऊ लागले. त्याची मुख्य युक्ती घागरभर पाण्याची नव्हतीच. ओलं गार फडकं अंगाला, त्यावर कोरडं जाड कापड, बस्स. गार लागलं की कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. मग शरीर ती जागा तापवायला लागतं, वाहिन्या पसरतात, तिथं रक्त जास्त येतं. याला निसर्गोपचारवाले 'प्रतिक्रिया' म्हणतात. ती आली तर उपचार झाला, नाही आली तर नुसतं भिजणं झालं.

त्याच्यानंतरचा बव्हेरियाचा पाद्री सेबास्टियन क्नाइप (१८२१ ते १८९७). विद्यार्थीदशेत क्षयानं खंगलेला, थंडीच्या दिवसांत डॅन्यूब नदीत क्षणभर उतरायचा आणि लगेच अंग गरम करायचा. तिथंही महत्त्व थोड्या वेळाला आणि नंतरच्या उबेला आहे. त्याचं ऐकून कुणी क्षयाच्या गोळ्या सोडून विहिरीत उतरायचं नाही, हे मी दर वेळी सांगते. तेव्हा क्षयावर औषधच नव्हतं, आज सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

म्हणून पहिला उपचार पोटाच्या लपेटीचा. पाणी लागतं दोन तांबे.

जुनं सुती लुगडं किंवा धोतर घ्या. वीतभर रुंद आणि कमरेला दोन-तीन वेढे बसतील एवढी लांब पट्टी फाडा. टेरिकॉट चालत नाही, ते पाणी धरत नाही. पट्टी माठातल्या पाण्यात भिजवा आणि थेंब गळणार नाही इतकी पिळा. बरगड्यांच्या खालून ओटीपोटापर्यंत गुंडाळा, पण बेंबीपाशी बोट जाईल इतकी सैल. वर कोरडी लोकरी पट्टी. आमच्याकडं घोंगडीचा तुकडा घरात असतोच. टोचतो म्हणून लेकी-सुना कुरकुर करतात, मग मधे एक सुती घडी घालायची. पोट रिकामं हवं, म्हणजे सकाळी किंवा जेवणानंतर तीन तासांनी. पाऊण तास ठेवा.

आता पारख. दहा-पंधरा मिनिटांत पट्टीच्या आत ऊब यायला पाहिजे. हात घालून बघा. अजून गारच असेल, माणूस अंग चोरत असेल, तर लगेच सोडा, पोट कोरडं पुसा, कोमट पाणी प्यायला द्या. अशक्त, म्हाताऱ्या माणसांत आणि पावसाळी हवेत असं होतं. कशासाठी करायची? पोट जड वाटणं, शौचाला साफ न होणं, झोप न लागणं. पोटात उजवीकडं खाली कळ येतेय, ताप आहे, उलटी होतेय, तर लपेट नाही, दवाखाना. ते अपेंडिक्स असू शकतं.

काळी माती, पण कुठली

मातीच्या उपचाराचा प्रसार जर्मनीच्या अडॉल्फ जुस्टनं केला. त्याचं 'निसर्गाकडे परत चला' या अर्थाचं पुस्तक १८९६ मध्ये निघालं, दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या हाती पडलं आणि त्यांनी बद्धकोष्ठावर पोटाला मातीची पट्टी बांधून बघितली. तिथून ती आपल्याकडं आली.

आपल्या काळ्या मातीसारखी पट्टीची माती दुसऱ्या जिल्ह्यांना शोधावी लागते. ती पाणी पिऊन फुगते, बराच वेळ ओल धरून ठेवते, म्हणून पट्टी लवकर तापत नाही. मुरमाड माती निथळून जाते, ती घेऊ नका. पण काळी माती आहे म्हणून रानातून टोपलं भरून आणलं, असं चालणार नाही. कपाशी, सोयाबीन, तूर, सगळ्यावर फवारण्या होतात. तणनाशक वेगळंच. धरणाचा गाळ ट्रॅक्टरनं येतो, तो चांगला दिसतो, पण सगळ्या शिवाराचं वाहून आलेलं त्यात असतं. कुणी विहीर किंवा शेततळं खोदत असेल तर तिथली तीन-चार फूट खालची माती मागून घ्या. दोन-चार दिवस कडक उन्हात वाळवा, कुटा, पिठाच्या चाळणीनं चाळा. रात्री मातीच्या भांड्यात भिजत घाला, सकाळी लाकडी उलथन्यानं हलवा. थालीपिठाच्या पिठाइतकी सैल झाली की झाली.

ओल्या सुती फडक्यावर वीतभर रुंद आणि त्याहून थोडी लांब, बोटभर जाडीची थापा. माती थेट पोटाला किंवा फडक्याआडून, दोन्ही चालतं. मी फडक्याआडून देते, धुवायला पाणी कमी लागतं. बेंबीखाली ठेवायची, वरून कोरडं पांघरूण, वीस ते तीस मिनिटं. वापरलेली माती झाडाच्या बुडाला.

उघड्या जखमेवर, भाजलेल्या जागेवर, बाळाच्या नाळेवर माती कधीच नाही. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. यावर माझी जुन्या माणसांशी भांडणं होतात आणि होऊ देत.

टब असलाच तर

कटिस्नान, म्हणजे कमरेपर्यंत पाण्यात बसणं, हे जर्मनीतल्या लाइपझिगच्या लुई कुनेचं (१८३५ ते १९०१). त्याचं म्हणणं असं की सगळे रोग मुळात एकच, पोटात साचलेलं विजातीय द्रव्य, म्हणजे शरीराला नको असलेला मळ, हेच कारण. हा भाग मी शिकवत नाही. टायफॉईडचा जंतू वेगळा, डेंगीचा विषाणू वेगळा, रक्त तपासल्यावर कागदावर दिसतं. पण जुन्या निसर्गोपचारकांची बाकीची तत्त्वं मला अजून पटतात: शरीरात स्वतःला दुरुस्त करायची ताकद असते, तिला अडथळा करू नका, नुसतं लक्षण दाबण्याआधी कारण शोधा, गुडघा दुखतो तर माणसाचं खाणं, झोप, काम, काळजी सगळं विचारा, आणि रोग्याला शिकवून घरी पाठवा.

गांधीजींनी १९०२ च्या सुमारास मुंबईत मुलाच्या, मणिलालच्या, टायफॉईडमध्ये कुनेची कटिस्नानं दिली, तीन मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि ओल्या चादरीत गुंडाळलं. मुलगा वाचला. पण तो देवाच्या कृपेनं वाचला, पाण्यानं की पथ्य-शुश्रूषेनं, हे कोण सांगणार, असं त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहिलंय. एवढा प्रामाणिकपणा नंतरच्या पुष्कळ निसर्गोपचारवाल्यांकडं राहिला नाही.

श्रावणात, पाणी असेल तेव्हा करा. कपडे भिजवायचा मोठा टब चालतो. बसल्यावर पाणी बेंबीपर्यंत, पाय बाहेर पाटावर, पाठ भिंतीला. ओबडधोबड पंचानं बेंबीपासून खाली आणि दोन्ही बाजूंना हळू चोळा. पाच मिनिटांनी सुरुवात, पुढं दहा ते पंधरा. मग पुसून भराभर चाला, अंग तापलं पाहिजे. पाळीत, गरोदरपणात, लघवीला जळजळ असताना नाही. साबण नसतो, म्हणून टबातलं पाणी परसातल्या कढीपत्त्याला जातं.

गरम पादस्नानाला एक बादली पुरते. सर्दीत, डोकं जड झाल्यावर आधी पेलाभर पाणी प्या, डोक्यावर ओला रुमाल, पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात दहा मिनिटं. शुगरवाल्यांनी करू नये. त्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असते, पाय भाजला तरी कळत नाही.

उपास हा आकाशतत्त्वाचा उपचार मानतात, म्हणजे पोटात जागा रिकामी ठेवणं. आपल्याकडं 'एकादशी दुप्पट खाशी'. साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी हा उपचार नव्हे. धडधाकट माणसानं एखादा दिवस नुसती फळं आणि पाणी घ्यावं. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. साखर एकदम खाली येते.

उन्हाळ्यात एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ करून ठेवा. रानातून आलेला माणूस तापलेला आहे, बरळतोय, घाम थांबलाय, तर तो उष्माघात. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी शिंपडून वारा घाला आणि १०८ला फोन करा. तिथं आठवड्याचं पाणी संपलं तरी संपू द्या. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

गांधीजींना १९४५ मध्ये पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार क्लिनिकच्या जागी मोठी संस्था हवी होती. मग त्यांच्या लक्षात आलं की गरीब माणूस शहरात येणार नाही, म्हणून मार्च १९४६ मध्ये ते उरुळीला गेले. मागं ठेवलेल्या मणिभाई देसाईंनी पुढं आश्रमासोबत गाई सुधारण्याची 'बायफ' ही संस्थासुद्धा उभी केली. पुण्यातल्या त्या जागी आज राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे.

घरच्या उपचारांनी भागत नसेल तर तिथं किंवा उरुळीला जा. आपल्या भागातही केंद्रं निघालीत, पण आधी डॉक्टरांची पदवी विचारा: बीएनवायएस ही निसर्गोपचार आणि योगाची पदवी साडेपाच वर्षांची असते, आठ दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र वेगळं. चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि शेवटचे रिपोर्ट बरोबर न्या. कागद न बघताच कुणी 'बीपीची गोळी आजपासून बंद' म्हणालं, तर भरलेले पैसे मागा आणि परतीची एसटी पकडा.