कॅलरींची नोंद टिकवण्यासाठी

कॅलरींची नोंद बहुधा फोडणीपाशी अडते, कारण भाकरीचे कोरडे पीठ काट्यावर तोलता येते (ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० कॅलरी), परंतु सर्वांसाठी एकत्र केलेल्या भाजीतले आपल्या वाट्याचे तेल मोजता येत नाही आणि मग कंटाळून वहीच बंद होते. अशा वेळी महिन्याच्या तेलाचा हिशेब धरावा: चौघांच्या घरात ३ लिटर तेल संपत असेल, तर १ ग्रॅम तेलाच्या ९ कॅलरी या दराने प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे २०० कॅलरी येतात. हा आकडा काटेकोर नसला, तरी दररोज आधीच लिहून ठेवावा. नेहमीच्या वाटीत भात किती ग्रॅम मावतो हे एकदा तोलून पाहिले की रोज काटा काढावा लागत नाही. सणाच्या दिवशी पुरणपोळीचा अंदाज लिहावा. कोऱ्या पानापेक्षा तो बरा. वजनाची आठवड्याची सरासरी पाहावी, कारण खारट जेवणानंतर शरीरात पाणी साठून आकडा तात्पुरता वाढतो. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आहार कमी करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.