लॉगची विंडो डावीकडच्या मॉनिटरवर कशी बसवायची

माझ्या टेबलावर समोर लॅपटॉप, 150 टक्के स्केलिंगवर, आणि डावीकडे 24 इंची मॉनिटर, 100 टक्क्यांवर. व्हिज्युअल स्टुडिओसाठी (मायक्रोसॉफ्टचं कोड लिहायचं सॉफ्टवेअर) मी एक छोटं एक्स्टेन्शन, म्हणजे जोडून वापरायची पुरवणी, लिहिलंय: सर्व्हरकडून येणारे मेसेज दाखवणारी लॉग विंडो. ती मला कायम डावीकडेच हवी. कोड वाचताना नुसती मान वळवली की लॉग दिसला पाहिजे. टॅब बदलावा लागला की विचारांचा धागा तुटतो.

आधी कोडमधलं बघू. एक्स्टेन्शनच्या मुख्य क्लासवर, म्हणजे पॅकेज क्लासवर, 'प्रोव्हाइड टूल विंडो' हे अ‍ॅट्रिब्यूट (क्लासच्या वर लिहायची सूचना) असतं; त्यात स्टाइल 'फ्लोट', म्हणजे सुटी तरंगती विंडो, ठेवा आणि पोझिशन एक्स, पोझिशन वाय, विड्थ, हाइट द्या. हे आकडे विंडो पहिल्यांदा उघडते तेव्हाच लागू होतात. पुढे तुम्ही ओढून जिथे ठेवाल, ती जागा लक्षात राहते. मी अख्खी दुपार आकडे बदलत बसले होते, विंडो तसूभर हलेना! नव्याने तपासायचं असेल तर एक्सपेरिमेंटल इन्स्टन्स, म्हणजे एक्स्टेन्शन तपासण्यासाठीची व्हिज्युअल स्टुडिओची वेगळी प्रत, रीसेट करा. विंडोचा गुइड (GUID, तिचा एकमेव ओळख क्रमांक) मात्र एकदा दिला की बदलू नका. तो बदलला की जुनी जागा विसरली जाते.

मुख्य स्क्रीनचा वरचा डावा कोपरा म्हणजे 0,0. त्यामुळे डावीकडच्या मॉनिटरवर एक्स उणे येतो. 'एक्स शून्याहून कमी असेल तर शून्य करा' अशी ओळ कोडमध्ये असेल तर विंडो दर वेळी लॅपटॉपवर येऊन बसणार. त्याऐवजी जोडलेल्या सगळ्या स्क्रीनच्या चौकटींशी जागा ताडून पाहा.

घरी माझ्याकडे फक्त लॅपटॉप असतो. म्हणून 'विंडो' मेनूतल्या 'सेव्ह विंडो लेआउट'ने मी दोन मांडण्या ठेवल्यात, 'ऑफिस' आणि 'घर'. कंट्रोल+ऑल्ट+1 आणि कंट्रोल+ऑल्ट+2 दाबलं की काम झालं. डीबगिंगची (प्रोग्रॅम चालवून चुका शोधतानाची) मांडणी वेगळी साठवली जाते, तेव्हा एफ5 दाबून, प्रोग्रॅम चालू असतानाच विंडो पुन्हा एकदा जागेवर लावा.

दोन स्क्रीनचं स्केलिंग वेगळं असेल आणि अक्षरं पुसट दिसत असतील, तर टूल्स, ऑप्शन्स, एन्व्हायर्नमेंट, जनरल इथे वेगवेगळ्या पिक्सेल घनतेच्या स्क्रीनसाठीचा पर्याय चालू आहे ना, ते बघा.

आणि मॉनिटर काढल्यावर विंडो दिसेनाशी झालीच, तर लगेच सगळी मांडणी रीसेट करू नका. 'व्ह्यू' मेनूतून तीच विंडो पुन्हा उघडा, म्हणजे फोकस तिच्यावर जाईल. मग 'विंडो' मेनूतून 'डॉक' निवडा. ती मुख्य चौकटीत येऊन चिकटते.