घोट्याचं हाड मोडलं किंवा सांधा निखळला तर: जागेवरच्या उपचारापासून प्लास्टर निघेपर्यंत

घोटा सुजला की घरात आधी तेलाची बाटली शोधली जाते. चोळू नका आणि कुणाला ‘बसवू’ही देऊ नका. हाड मोडलं असेल तर त्याची टोकं हलतात, आतला रक्तस्राव आणि सूज वाढते.

आधी पायातली जोडवी आणि पैंजण काढा. सूज चढल्यावर जोडवं रुततं आणि मग कापावं लागतं. निघत नसेल तर बोटाला तेल किंवा साबणाचं पाणी लावा. तेलाचा खरा उपयोग इथेच. मग अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं पाहिजे. पाऊल गार, पांढरं किंवा बधिर असेल, तर १०८ ला फोन करा.

पाय आहे त्याच स्थितीत आधार द्या. उशी घोट्याभोवती गुंडाळून गुडघ्याखालपासून पावलापर्यंत ओढणीने दोन-तीन ठिकाणी बांधा. गाठ दुखऱ्या जागेवर नको, बोटं उघडी हवीत. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं ठेवा. जखमेतून हाड दिसत असेल तर ते आत ढकलू नका, हळद किंवा कॉफी भरू नका. स्वच्छ ओलं कापड झाकून निघा. रुग्णाला काही खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

एक्स-रे लागेल का, हे ठरवायला १९९२ मध्ये कॅनडातल्या ओटावात नियम बांधले गेले. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या, कोणत्याही एका बाजूच्या हाडाचं टोक किंवा त्याच्या मागच्या कडेचे खालचे ६ सेंटीमीटर दाबल्यावर दुखत असतील, किंवा पडल्यावर लगेच आणि दवाखान्यातही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढा. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीमागच्या लांब हाडाचं घोट्याकडचं टोक दुखलं तरी काढा. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला, दारू प्यायलेल्याला किंवा लहान मुलाला हा नियम लावू नका. तळव्याच्या मध्यभागी काळंनिळं दिसलं तर ‘नुसती लचक’ समजू नका. तिथले सांधे सरकलेले असू शकतात आणि साध्या एक्स-रेत ते सहज निसटतात. उंचावरून टाचेवर पडलेल्याची पाठही तपासून घ्यावी.

निखळलेला घोटा बहुधा हाड मोडूनच निखळतो. आतल्या बाजूच्या हाडावर कातडी ताणून पांढरी पडते, उशीर झाला तर ती मरते. म्हणून डॉक्टर वेदनाशामक आणि गुंगी देऊन, गुडघा वाकवून पोटरी सैल करतात आणि सांधा ओढून जागेवर आणतात. रक्तपुरवठा अडला असेल तर एक्स-रेचीही वाट पाहत नाहीत.

घोट्याच्या फक्त बाहेरच्या बाजूचं हाड एकाच जागी मोडलं, सांधा जागेवर असला, तर साधारण ६ आठवडे प्लास्टर किंवा घोटा धरून ठेवणारा खास बूट पुरतो. दोन्ही बाजूंची हाडं मोडली किंवा सांधा सरकला तर बहुतेकदा प्लेट-स्क्रू लागतात. सूज जास्त असेल तर कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत शस्त्रक्रिया थांबवतात. त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून ‘टाळाटाळ करतात’ असा संशय नको.

सुरुवातीला पूर्ण प्लास्टरऐवजी स्लॅब, म्हणजे एका बाजूने उघडं अर्धं प्लास्टर घालतात, कारण सूज वाढायला जागा लागते. पाय छातीपेक्षा उंच ठेवा, बोटं दर तासाला हलवा. गोळ्या घेऊनही दुखणं वाढत गेलं, बोट दुसऱ्याने हळूच वर ओढल्यावर कळ उठली किंवा मुंग्या आल्या, तर रात्री दोन वाजता असलं तरी दवाखाना गाठा. पोटरी सुजून दुखली किंवा दम लागला, तरी तसंच. खाज सुटली म्हणून आत पट्टी, सुई घालू नका. मधुमेह्यांना कातडी सोलवटल्याचं जाणवतही नाही, आणि त्यांचं प्लास्टर अनेकदा दुप्पट काळ ठेवावं लागतं. प्लास्टर निघाल्यावर घोटा ताठलेला असतो आणि संध्याकाळी काही महिने सुजतो. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकूनच करा. वजन कधी आणि किती टाकायचं ते डॉक्टर एक्स-रे पाहून सांगतात.