उशाशी पिस्तूल ठेवताय? या चुका टाळा

रात्री अडीचला दचकून जाग आली की डोळे उघडतात, हात चालतात, पण समोर काय आहे ते नीट उमगत नाही. झोपेचा हा अंमल उतरायला साधारण 15 ते 30 मिनिटं लागतात. उशाशी पिस्तूल ठेवणाऱ्याने विचाराची सुरुवात इथून करावी. पिस्तूल ज्या पेटीत ठेवायचं तिचं कुलूप लहान मुलं आणि चोरांसाठी आहे असं आपण धरून चालतो. पण अर्धवट झोपेत हात लांब करणारा माणूस आपणच असतो, आणि ते कुलूप त्याच्यासाठीही आहे. उठून बसायचं, कोड आठवायचा, चार बटणं क्रमाने दाबायची, यात जे काही सेकंद जातात तेवढ्यात आपण निदान कुठे आहोत हे तरी कळतं. म्हणून मी ते सेकंद वाया गेलेले मानत नाही.

परवान्याच्या अटी आणि आपल्या भागातला कायदा आधी पाहा. खाली जे लिहिलंय ते त्या चौकटीत बसत असेल तरच करा.

उशीखाली, गादीखाली, उघड्या कप्प्यात

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. झोपेत हात उशीखाली जातो, अभ्र्याची किंवा चादरीची घडी ट्रिगरच्या कड्यात शिरते, आणि पिस्तुलाला ओढणारं बोट आहे की कापड हे कळत नाही. कप्प्यातही तेच होतं: चार्जरची वायर, चष्म्याची दोरी, पेन.

"उंच ठेवलंय, पोरांना ठाऊकच नाही" हे तर मी किती जणांकडून ऐकलंय. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आईवडील आणि मुलं यांना वेगवेगळं विचारलं होतं. मुलाला बंदुकीची जागा माहीत नाही असं सांगणाऱ्या पालकांपैकी 39 टक्क्यांना त्यांच्याच मुलांनी खोटं पाडलं. मुलाने बंदुकीला कधी हातच लावलेला नाही असं म्हणणाऱ्यांपैकी 22 टक्के चुकीचे ठरले. घरात मूल असो वा नसो, पाहुण्यांबरोबर ते येतंच. लपवण्यावर विसंबू नका, कुलूप लावा.

बोटाच्या ठशावर उघडणारी पेटी

ही घेतली की काम झालं असं वाटतं. खरं काम घरी आणल्यावर सुरू होतं. काही पेट्या कारखान्यातून येतात तेव्हा कोणाच्याही बोटाने उघडतात. आपला ठसा नीट नोंदवला जाईपर्यंत त्या तशाच राहतात, आणि मालकाचं बोट लावल्यावर झाकण उघडतं म्हणून त्याला वाटतं, नोंद झाली. ऑक्टोबर 2023 मध्ये अमेरिकेत याच कारणाने सुमारे 61,000 पेट्या परत मागवल्या गेल्या. 12 वर्षांच्या एका मुलाच्या मृत्यूबद्दल दाखल झालेल्या दाव्याचाही त्या सूचनेत उल्लेख होता. तेव्हा पहिली तपासणी ही: पेटी रिकामी असताना ठसा न नोंदवलेल्या दोन-तीन माणसांना बोट लावायला सांगा. त्यातल्या एकाच्याही बोटाने उघडली तर ती पेटी वापरू नका.

आता उलटी अडचण, आपल्याच बोटाने न उघडण्याची. ओलं बोट, घामेजलेलं बोट, थंडीत सोललेली कातडी, भाजी चिरताना झालेली चीर, यातलं काहीही ठसा बिघडवतं. एकच बोट तीन-चार कोनांतून नोंदवा. दुसऱ्या हाताचं बोटही नोंदवा, कारण त्या रात्री कुठला हात मोकळा असेल ते सांगता येत नाही. ठसा वाचणारी काच मऊ कापडाने पुसत राहा. आणि आकडी कोड हाच मुख्य रस्ता समजा, ठसा ही जास्तीची सोय. माझं मत विचाराल तर विजेशिवाय चालणारी, यांत्रिक बटणांची पेटी मला अधिक भरवशाची वाटते. तिला सेल लागत नाहीत.

सेलवरच्या पेटीत सेल संपल्याचं कळतं ते नेमकं नको तेव्हा. वर्षातली एक तारीख ठरवा आणि इशारा आला नसला तरी त्या दिवशी सेल बदला. बदलल्यावर कोड आणि ठसे तसेच आहेत का, हे पुन्हा पाहा. जादा किल्ली त्याच कप्प्यात किंवा पेटीमागच्या खिळ्याला लटकवू नका. ती दुसऱ्या कुलपात तरी असावी किंवा तुमच्या अंगावर तरी. जन्मतारीख कोड म्हणून नको. तुमच्या फोनचा कोड मुलांना पाठ असतोच, तोही नको.

पेटी नुसती टेबलावर ठेवली तर चोर तीच उचलून नेईल. सोबत येणारी पातळ तार कटरने तुटते. आतल्या भोकांतून स्क्रू घालून पेटी पलंगाच्या भक्कम लाकडाला किंवा भिंतीला घट्ट बसवा. बसवण्याआधी रिकाम्या पेटीच्या झाकणावर मुठीने ठोसे मारून पाहा. काही स्वस्त पेट्यांची कडी नुसत्या हादऱ्याने सुटते.

पेटीच्या आत

पिस्तूल ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये (म्यानात) असावं आणि मूठ नेहमी एकाच बाजूला यावी. पेटीत पासपोर्ट, दागिने, सुटे पैसे ठेवू नका. अंधारात बोटं त्यात अडकतात, शिवाय दिवसभर पेटी उघडत राहण्याचं कारण तयार होतं.

ट्रिगरवर बसवायचं कुलूप भरलेल्या पिस्तुलावर कधीच चढवू नका. ते चढवतानाच ट्रिगर दाबला जाऊ शकतो. ते फक्त रिकाम्या हत्यारासाठी आहे.

रिकामं करताना आधी मॅगझिन, म्हणजे काडतुसांची डबी काढा, मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग मागे ओढा. क्रम उलटला तर चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी उडायला तयार असलेली गोळी बाहेर पडते आणि मॅगझिनमधली दुसरी आत जाते. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, या समजुतीने फार जीव गेलेत. चेंबर डोळ्यांनी पाहा आणि करंगळीने चाचपा.

रोज भरणं-उतरवणं करणाऱ्यांकडून एक गोष्ट हमखास सुटते. तेच वरचं काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये गेलं की दर वेळी गोळीचं टोक आपटतं आणि गोळी कवचात किंचित आत सरकते. असं काडतूस उडवताना आतला दाब धोकादायक वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभं करून उंची ताडून पाहा. आखूड दिसलं तर वापरू नका.

पेटीतला फोम ओल धरतो, चामडी होल्स्टरही धरतं. सिलिका जेलची पुडी ठेवा आणि महिन्यातून एकदा गंज पाहा.

सकाळी उठल्यावर पिस्तूल मुख्य तिजोरीत परत गेलं पाहिजे. उशाची पेटी तुम्ही त्या खोलीत असेपर्यंतच.

टॉर्चशिवाय पिस्तूल

अमेरिकन नेमबाजी प्रशिक्षक जेफ कूपर यांच्या बंदूक हाताळण्याच्या चार नियमांतला शेवटचा म्हणजे निशाणा काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री. अंधारात ती खात्री उजेडाशिवाय होत नाही. हातात धरायची वेगळी टॉर्च पेटीशेजारी ठेवा. पिस्तुलावरच्या दिव्याने कोण आहे हे पाहायला गेलात तर नळीही त्या माणसावर रोखली जाते, आणि तो पाणी प्यायला उठलेला तुमचा मुलगा असू शकतो. आधी हाक मारा, घरातली माणसं मोजा. दार लावून घ्या, फोनवरून मदत मागवा. घरभर शोधत हिंडू नका. चार्जिंगला लावलेला फोन स्वयंपाकघरात असेल तर ही सगळी तयारी अर्धीच आहे.

घरात कोणी खचलेलं असेल तर

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. घरातलं कोणी, किंवा तुम्ही स्वतः, जगण्याला कंटाळल्याचं बोलत असाल तर चटकन हाती येणारं पिस्तूल हाच घरातला सगळ्यात मोठा धोका आहे. ती लाट अनेकदा थोड्या वेळाची असते, आणि तेवढा वेळ हत्यार दूर राहिलं तर जीव वाचतो. कायद्याने परवानगी असलेल्या ठिकाणी ते घराबाहेर ठेवा. निदान कोड आणि किल्ली विश्वासातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. यात कमीपणा नाही. डॉक्टरांशी बोलणंही त्याच दिवशी करा.

एकदा रात्री तपासून पाहा

पिस्तूल रिकामं करून मुख्य तिजोरीत ठेवा, काडतुसंही तिथेच. मग मध्यरात्रीचा गजर लावा, आणि वाजला की दिवा न लावता रिकामी पेटी उघडून पाहा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा तीनचा गजर बंद करताना उशाचं पाण्याचं भांडं कलंडलं आणि बोटं भिजली. ठशाचा दिवा दोनदा लाल झाला. कोडचं तिसरं बटण चुकलं, चौथ्या प्रयत्नात झाकण उघडलं. घड्याळात बावीस सेकंद झाले होते. दुसऱ्या दिवशी पाण्याचं भांडं पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेलं, आणि पाचच्या बटणावर बोटाला लागेल असा नेलपॉलिशचा एक जाड थेंब टाकला. पुढच्या महिन्यात पुन्हा गजर लावला तेव्हा सहा सेकंद लागले.