इंटरव्ह्यूची कोडी पाठ करून जाऊ नका, मी गेलो होतो

नागपूरच्या आयटी पार्कजवळच्या टपरीवर संध्याकाळी चहाला उभं राहिलं की एक तरी पोट्टा मोबाईलमधे कोड्यांची पीडीएफ उघडून उत्तरं घोकून राहिलेला दिसतेच. मीही असाच घोकत होतो, म्हणून सांगतो.

पुलाचं कोडं सगळ्यांना माहीत असते. रात्रीची वेळ, चौघं, टॉर्च एकच, एका वेळी दोघंच जाऊ शकतात, अन् जोडी चालते हळू माणसाच्या स्पीडने. चौघांना लागतात १, २, ५ अन् १० मिनिटं, तर कमीत कमी किती मिनिटांत सगळे पलीकडे? मी प्रश्न पूर्ण होऊ न देताच "सतरा!" म्हटलं. समोरचे सर हसले, म्हणाले बरं, दुसऱ्याला २ च्या जागी ४ लागत असतील तर? मी तीच ट्रिक लावली अन् छाती फुगवून २३ सांगितलं. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला, त्यावर लिहिलं होतं २१. झालं, तिथून बर्डीपर्यंत बसमधे मी तेच गणित करत आलो.

ट्रिक काय, तर दोन हळू लोकांना एकत्र पाठवायचं म्हणजे ५ मिनिटं १० च्या पोटात जातात. आधी १ अन् २ जातात, १ परत, मग ५ अन् १० जातात, २ परत, शेवटी पुन्हा १ अन् २. २+१+१०+२+२, झाले १७. पण यात दुसऱ्या माणसाला एकूण तीन चकरा पडतात, तो ४ वाला झाला की ट्रिकच महाग पडते. त्यापेक्षा सगळ्यात फास्ट माणसानेच एकेकाला सोडून यावं: १०+१+५+१+४, म्हणजे २१. दुसऱ्याच्या वेळेची दुप्पट ही पहिल्या अन् तिसऱ्याच्या बेरजेपेक्षा कमी असेल तरच ट्रिक फायद्याची. आकडे बदलले तर दोन्ही पद्धती मांडून बघा, अर्धं मिनिट लागते.

आता घरी प्रॅक्टिस कशी करायची ते. कोडं सोडवलं की लगेच पुढच्यावर उडी नको, त्यातला एक आकडा बदला अन् परत सोडवा. शंभर मजले दोन अंडी घ्या: कितव्या मजल्यापासून टाकलं की अंडं फुटते, ते कमीत कमी वेळा टाकून शोधायचं. आधी विचारून घ्या की अंडं फुटलं नाही तर तेच परत वापरता येते का (येते). दहा-दहा मजल्यांच्या उड्या मारल्या तर वाईटात वाईट १९ वेळा टाकावं लागते, कारण पहिलं शंभरावर फुटलं तर दुसऱ्याने ९१ पासून ९९ पर्यंत एकेक मजला चढावा लागते. म्हणून उडी दरवेळी एकाने कमी करत जायची, १४, मग २७, मग ३९, असं. १४ पासून १ पर्यंतची बेरीज १०५ होते, शंभर त्यात बसतात, १३ पासून केली तर ९१ च, नाही पुरत. उत्तर १४. आता मजले दोनशे करा अन् बसा डोकं खाजवत (२० येते).

वजनाच्या कोड्यात पोट्टे अर्धे-अर्धे करतात अन् तिथेच गचकतात. नऊ संत्री, एक जड, दोनदाच तोलायचं, तर तीन-तीनचे ढीग करा. तराजू तीन गोष्टी सांगतो, डावं जड, उजवं जड, नाहीतर बरोबर. मग दोनच ढीग काऊन?

तीन बटणं बाहेर, आतल्या खोलीत एक बल्ब, आत एकदाच जाऊन त्याचं बटण कोणतं ते सांगायचं, हे आलं तर बल्ब जुना पिवळा आहे का ते विचाराच. एक बटण थोडा वेळ चालू ठेवून बंद करायचं, दुसरं चालू करायचं, मग आत जाऊन बघायचं: पेटलेला म्हणजे दुसरं, बंद पण गरम म्हणजे पहिलं, बंद अन् थंड म्हणजे तिसरं. एलईडी गरम होते पण तेवढी भरवशाची नाही, अन् हे तुम्ही बोलून दाखवलं की समोरच्याला आवडते.

नागपुरात रोज तर्री पोह्याच्या किती प्लेटा जातात, असंही विचारतात कधी. इथे अचूक आकडा कोणालाच नको असतो. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या आसपास होती, तिथून सुरुवात करा, बाहेर नाश्ता करणारे किती धरले अन् का ते मोठ्याने सांगत जा.

कोडं आधीपासून माहीत असेल तर सरळ सांगून टाका, "सर हे मी केलेलं आहे, दुसरं द्या." नाटक लगेच दिसते. अन् आदल्या रात्री नवीन काही वाचू नका, मित्राला समोर बसवा, त्याला आकडे बदलायला सांगा, तुम्ही पेन घेऊन बोलत बोलत सोडवा. चहाचे पैसे तुम्ही द्या.